वामनवृक्षांचा हिवाळा

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या घरांत ठेवलेले बोन्साय बहुतेक करून फेब्रुवारी-मार्चमध्ये माना टाकतात. ज्युनिपरचा हिरवा रंग राखाडी पडू लागतो, फायकसचा निम्मा पाला कुंडीत गळून पडतो, सेरिसा तर आठवडाभरात उघडाबोडका होतो. झाड थंडीने गेले, असे घरचे लोक म्हणतात; पण खोलीतल्या झाडाला थंडी लागलेलीच नसते. ज्युनिपर मरतो तो ती न लागल्यामुळे. फायकस खंगतो तो काचेआडच्या तुटपुंज्या उजेडाने आणि हीटरने कोरड्या पडलेल्या हवेने. हे दुखणे बोन्सायकलेइतके जुने नाही. कुंडीत वामनवृक्ष वाढवण्याची कला तेरा शतकांची आहे, आणि असे झाड बारा महिने खोलीत ठेवण्याची रीत जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची. झाड अंगणातून दिवाणखान्यात कसे आले, हे पाहिले की त्याच्या हिवाळ्यानंतरच्या आजाराचे मूळही सापडते.

उथळ पात्रात झाडे आणि दगड मांडून डोंगरदऱ्यांचा देखावा उभा करण्याची कला चीनमध्ये रुजली. शाआन्शी प्रांतात तांग राजपुत्र ली शियान याची इ.स. ७०६ च्या सुमाराची कबर आहे. तिच्या भिंतीवरच्या चित्रात एक सेवक दोन्ही हातांत तबक धरून उभा दिसतो. तबकात दगड आहेत आणि त्यांच्यामधून लहान रोपे वर आली आहेत. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली. १३०९ च्या सुमारास चितारलेल्या कासुगा देवस्थानाच्या चित्रगुंडाळीत कुंडीतल्या झाडांची अशीच तबके दिसतात, आणि ती घराबाहेर अंगणात मांडलेली आहेत.

जपानी नो रंगभूमीवरचे ‘हाची नो की’ हे नाटक कुंडीतल्या झाडांविषयीच आहे. कामाकुराचा सत्ताधीश होजो तोकियोरी यात्रेकरू भिक्षूच्या वेषात फिरत असताना सानो नावाच्या गावी बर्फवृष्टीत अडकतो आणि एका झोपडीत रात्रीपुरता आसरा मागतो. झोपडीचा मालक त्सुनेयो हा जमीन हिरावली गेलेला सामुराई. त्याच्या वैभवातून उरलेली तीनच झाडे त्याच्याकडे आहेत: प्लम, चेरी आणि पाइन. घरात सरपण नसते. तो बाहेर जातो, झाडांवर साचलेला बर्फ झटकतो, क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहतो आणि एकेक झाड तोडून पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. पुढे तोकियोरी त्याची जमीन त्याला परत देतो आणि त्या तीन झाडांची नावे धारण करणाऱ्या तीन जहागिऱ्याही बहाल करतो. शतकानुशतके हे नाटक पाहुणचार आणि स्वामिनिष्ठेसाठी वाखाणले गेले. झाडांच्या इतिहासात मात्र त्यातला बर्फ झटकण्याचा प्रसंग मोलाचा आहे. त्सुनेयोला जिवापाड प्यारी असलेली झाडे ऐन हिमवर्षावात उघड्यावर उभी आहेत, आणि यात नाटककाराला किंवा प्रेक्षकांना काहीही वावगे वाटत नाही. जाता जाता आलेला उल्लेख असल्याने तो अधिक विश्वासार्ह ठरतो.

जमिनीतले झाड आणि कुंडीतले झाड यांची थंडी मात्र सारखी नसते. झाडाच्या फांद्या जेवढा गारठा सोसतात तेवढा मुळे सोसत नाहीत. जंगलात मुळे जमिनीच्या उबेत खोल दडलेली असतात. कुंडीतल्या चार बोटे मातीला हा आडोसा नसतो. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वरून कोरडा वारा फांद्यांतला ओलावा पळवतो. गोठलेल्या कुंडीतले झाड अनेकदा तहानेने मरते. यावर जपानी बागायतदारांनी काढलेला तोडगा म्हणजे मुरो. ही हिवाळ्यापुरती झाडे ठेवण्याची कोठी. कुठे अर्धी जमिनीत खणलेली, कुठे नुसती तीन बाजूंनी झाकलेली पडवी. मुरोत ऊब देत नाहीत. वारा अडवायचा, माती कडक गोठू द्यायची नाही आणि तापमान शून्याच्या आसपास राखायचे, एवढेच तिचे काम. काटक पाइन नुसत्या वळचणीखाली हिवाळा काढतात. नाजूक मुळांची झाडे आत जातात. झाड झोपेतच राहिले पाहिजे, हा त्यामागचा सारा विचार आहे.

टोकियोच्या राजवाड्यातल्या संग्रहात पाच सुयांच्या पाइनचे एक झाड आहे. सतराव्या शतकातला तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु याचे ते आवडते झाड होते असे परंपरा सांगते, आणि त्याचे वय सुमारे पाचशे वर्षे मानले जाते. राजवटी बदलल्या, शहर जळले आणि पुन्हा उभे राहिले. दर हिवाळ्यात कोणीतरी त्या एका कुंडीची काळजी वाहिली म्हणून ते आज उभे आहे.

१९२३ च्या कांतो भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने टोकियोतले बोन्साय व्यावसायिक उखडले गेले. त्यांपैकी काहींनी शहराच्या उत्तरेला ओमिया येथे मोकळी जागा, चांगली माती आणि स्वच्छ पाणी पाहून १९२५ मध्ये वस्ती उभारली. या बोन्साय गावाने स्वतःसाठी नियम केले: प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय असावेत, फाटक पाहुण्यांसाठी उघडे असावे, कुंपण जिवंत झाडांचे असावे आणि दुमजली घर बांधू नये. शेवटच्या नियमाने शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडत नसे. १९३४ पासून टोकियोत भरणारे कोकुफू बोन्साय प्रदर्शन फेब्रुवारीत असते. पानझडी झाडे तिथे निष्पर्ण मांडतात, कारण फांद्यांची बारीक वीण पानांशिवायच नीट दिसते. पश्चिमेतल्या घरांत झाडांची दैना होते तोच महिना जपानमध्ये त्यांच्या मिरवण्याचा आहे. प्रदर्शनात असो की घरातल्या तोकोनोमा या सजावटीच्या कोनाड्यात, झाड आत येते ते थोड्या दिवसांसाठी. मग ते पुन्हा बाहेर जाते.

बाहेरच्या जगाने झाड पाहिले ते नेमके याच आतल्या जागी. १८७८ आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत जपानी मांडणीत वामनवृक्ष होते. एकोणिसावे शतक संपता संपता लंडनमध्ये त्यांचे लिलाव होऊ लागले, आणि योकोहामाच्या एका मोठ्या रोपवाटिकेने निर्यातीसाठी सचित्र सूचीपत्रे छापली. घेणाऱ्यांना चिनी मातीच्या फुलदाणीशेजारी मांडण्याजोगी अप्राप्य वस्तू हवी होती. झाड उपाशी ठेवून खुजे केले जाते, अशी समजूत पसरली होती. म्हणून कोणी त्याला पाणी कमी घालत आणि कोणी दया येऊन भरमसाट घालत. त्या काळच्या दिवाणखान्यांत दिवे कोळशाच्या गॅसचे असत. त्या गॅसच्या मुख्य नळाला गळती असली की रस्त्याकडेची झाडेसुद्धा अवेळी पाने टाकत. यामागचा घटक इथिलीन आहे, हे दिमित्री नेल्युबोव यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून १९०१ मध्ये दाखवले. कोंदट उष्णता, अंधार आणि हा वायू यांच्यात डोंगरावरचा पाइन किंवा सायप्रस टिकण्याची आशा नव्हती.

तरीही त्या खेपांतली काही झाडे वाचली. लार्झ अँडरसन हे १९१२-१३ मध्ये जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. परतताना त्यांनी योकोहामाच्या रोपवाटिकेतून बोन्सायचा मोठा संच विकत घेतला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन येथील आपल्या इस्टेटीवर नेला. त्यात हिनोकी सायप्रसची अनेक झाडे होती. त्यांतल्या एकाला कुंडीत वळण लावायला १७३७ मध्ये सुरुवात झाली होती. अँडरसन यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी बहुतेक झाडे बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटमला दिली. तिथे पहिली काही दशके या झाडांकडे म्हणावे तसे जाणते लक्ष नव्हते, आणि काही गेलीही. १९६९ पासून कॉन्स्टन्स डर्डेरियन यांनी मानद देखरेखीचे काम पत्करले आणि वर्षानुवर्षे छाटणी, कुंड्या बदलणे व आकार सावरणे करून हा संग्रह पुन्हा उभा केला. आजही ही झाडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत एका थंड इमारतीत राहतात. तिथले तापमान गोठणबिंदूच्या जेमतेम वर, एक-दोन अंश सेल्सियसवर ठेवतात. जपानी मुरोचेच हे बॉस्टनमधले रूप. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानालाही १९२५ मध्ये अर्नेस्ट को यांच्याकडून ३२ झाडे मिळाली होती. फ्रँक ओकामुरा यांनी १९४७ पासून तीन दशकांहून अधिक काळ तिथला संग्रह जपला आणि शेकडो अमेरिकनांना हे काम शिकवले.

झाडाला थंडी हवी असते, ही गोष्ट जपानी माळ्याला हाताने ठाऊक होती. तिचे प्रयोगसिद्ध कारण अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० मध्ये मांडले. हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेली ब्लूबेरीची झुडपे वसंतात फुटत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. एका झुडपाची एक फांदी त्यांनी काचेतल्या भोकातून बाहेर काढून थंडीत ठेवली. बाकीचे झुडूप आत उबेत राहिले. वसंतात थंडी खाल्लेली फांदी पालवली आणि त्याच मुळांवर जगणारी आतली फांदी निजलेलीच राहिली. हा प्रयोग इतका सोपा आणि निर्णायक आहे की त्यानंतर वादाला फारशी जागा उरत नाही. समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडाच्या कळ्या ठरावीक आठवडे गारठा सोसल्याशिवाय उघडायला तयार होत नाहीत. घरात ठेवलेल्या मेपल किंवा लार्चला ही झोप मिळत नाही. एखादे वर्ष साठवलेल्या अन्नावर ते रेटून नेते, दुसऱ्या वर्षी क्षीण फुटते आणि मग फुटतच नाही. म्हणूनच आपले काय चुकले हे धन्याला उमगत नाही. चूक होऊन वर्ष-दोन वर्षे लोटलेली असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेले अमेरिकी सैनिक, अधिकारी आणि त्यांची कुटुंबे ही आवड घेऊन मायदेशी परतली. युजी योशिमुरा यांनी १९५२ मध्ये टोकियोत परदेशी लोकांसाठीही खुले असलेले वर्ग सुरू केले, आणि १९५७ मध्ये जिओव्हाना हॅलफर्ड यांच्यासोबत इंग्रजीत लिहिलेले त्यांचे पुस्तक अनेकांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. शिकवण शुद्ध होती: झाड बाहेरचे आहे, ते बाहेरच ठेवा. पण गिऱ्हाईक आता शहरी सदनिकेत राहत होते आणि त्याला मेजावर ठेवायला झाड हवे होते. बाजाराने त्याला कोवळ्या ज्युनिपरची कलमे विकली, वर खडी डिंकाने चिकटवून. पाणी त्या थरातून आत जात नसे. शिवाय ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. त्यामुळे डिसेंबरात भेट मिळालेले झाड मार्चमध्ये तपकिरी पडते तेव्हा ते बहुधा जानेवारीतच गेलेले असते. या विक्रीने जितकी झाडे मारली तितकी कोणत्याही हिवाळ्याने मारली नसतील.

खरा मार्ग दक्षिणेकडून आला. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हिवाळा सौम्य असतो. तिथल्या लिंगनान शैलीतले कारागीर तारेपेक्षा कात्रीवर भर देत: फांदी वाढू द्यायची, तोडायची, पुन्हा वाढू द्यायची. त्यांची झाडे उष्ण प्रदेशातली होती: फायकस, फुकियन टी म्हणून ओळखला जाणारा कार्मोना, सेरिसा, सागेरेशिया. त्यांना थंड झोपेची गरज नसते. जर्मनीत हायडेलबर्गचे पॉल लेस्निएविच यांनी १९८० च्या दशकात घरातल्या बोन्सायवर पुस्तके लिहिली आणि अशा झाडांचा हिरिरीने पुरस्कार केला. चिनी झाडे जहाजे भरून युरोपात उतरू लागली. परंपरानिष्ठांनी नाके मुरडली. पण खोलीत झाड ठेवायचेच असेल तर खोलीत जगणारे निवडावे, हा विचार योग्यच होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातही आज हीच विभागणी दिसते. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या ५३ बोन्सायपासून त्याची सुरुवात झाली, आणि हिरोशिमाच्या बाँबस्फोटातून वाचलेला यामाकी कुटुंबाचा पाइन त्यांतलाच. उष्ण कटिबंधातल्या झाडांना तिथे स्वतंत्र काचघर आहे.

महाराष्ट्रात वड, पिंपळ, उंबर या फायकसांचे वामनवृक्ष बाल्कनीत आणि गच्चीवर सुखाने नांदतात. कोकणपट्टीच्या पावसाळी दमट हवेत त्यांना पारंब्याही लवकर फुटतात. इथल्या झाडाला हिवाळ्याचे भय नाही. ते आहे एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या कुंडीचे आणि वातानुकूलित दिवाणखान्याचे. बंद काचांच्या अशा खोलीत हवा कोरडी आणि उजेड मंद असतो, त्यामुळे मुंबईतला फायकस मे महिन्यात तशीच पाने टाकतो जशी न्यू जर्सीतल्या मराठी घरातला फेब्रुवारीत.

उत्तरेकडच्या घरात या झाडांपुढे हिवाळाभर काय वाढून ठेवलेले असते, ते मोजून सांगता येते. मोकळ्यावर उन्हाळ्याच्या भर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खोलीच्या मध्यावर काही शेच. डोळा सरावतो म्हणून माणसाला खोली लख्ख वाटते, पानाला वाटत नाही. डिसेंबरात हायडेलबर्गला दिवस जेमतेम आठ तासांचा. तापवलेल्या खोलीतली सापेक्ष आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. वाढ थंडावलेली असताना पाणी मात्र उन्हाळ्याच्या सवयीने घातले जाते, माती चिखल होते आणि मुळे कुजू लागतात. कोरड्या हवेत लाल कोळी पानामागे बारीक जाळी विणतो. मार्चमध्ये दिसणारे खंगलेले झाड म्हणजे या साऱ्याचा एकत्र हिशेब.

असे झाड हाती आले की जुने माळी प्रथम ते जिवंत आहे का ते पाहतात. खोडाच्या सालीवर नखाने किंवा चाकूच्या टोकाने बारीकसा ओरखडा काढायचा. आत ओला हिरवा थर दिसला तर प्राण आहे. तपकिरी आणि कोरडे असेल तर तो भाग गेला. शेंड्याकडून खोडाकडे असे तपासत आले की जिवंत आणि मृत यांची सीमा सापडते, आणि छाटणी त्या सीमेपर्यंतच करायची. फांदी वाळली असली तरी बुंध्याला धुगधुगी असू शकते. फायकसबाबत हे फार वेळा खरे ठरते. पूर्ण निष्पर्ण झालेला फायकस जुन्या लाकडातूनही डोळे फोडतो. सेरिसा पाने टाकून घाबरवतो, पण पुष्कळदा बुडातून उठतो. कार्मोनाचे तसे नाही. त्याची मुळे एकदा कुजली की तो क्वचितच सावरतो.

मग मुळे. झाड कुंडीतून अलगद उचलले तर निरोगी मुळांची टोके पांढुरकी आणि टणक दिसतात. कुजलेली मुळे काळपट असतात, चिमटीत धरली की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि मातीला आंबूस वास येतो. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने काढून झाड भरड, पाणी न धरणाऱ्या मिश्रणात लावावे लागते: लाव्हाचे खडे, प्युमिस, जपानहून येणारी भाजक्या दाण्यांसारखी आकादामा माती. कुजण्याची खूण नसेल तर मुळांना हात लावण्याची घाई करू नये. ओमियात पानझडी झाडांच्या कुंड्या कळ्या फुगू लागल्यावर, पण पाने उघडण्याआधी बदलतात. उष्ण प्रदेशातल्या झाडासाठी तोच नियम उलटा होतो: ते जोमाने वाढू लागले की, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, मुळे कापलेली त्याला सोसतात.

यानंतर झाडाला उजेड आणि दमट हवा हवी. दक्षिणेची खिडकी आणि सोबत दिवसाला बारा-चौदा तास लागणारा दिवा, हा आज सर्वमान्य उपाय आहे. पाने नसलेल्या झाडावर पारदर्शक पिशवी सैल चढवली तर आतली वाफ टिकते आणि डोळे लवकर हलतात. पिशवी रोज थोडी उघडून हवा द्यावी लागते, नाहीतर बुरशी येते. पाने नसलेले झाड पाणी फारच कमी पिते, म्हणून मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी घालावे. लाल कोळी असेल तर झाड नळाखाली धरून पानांची खालची बाजू धुऊन काढायची, दर तीन-चार दिवसांनी, काही आठवडे. खताचा मोह टाळावा. अशक्त झाडाला खत पाजले की क्षार मुळांपाशी साचतात आणि उरलीसुरली तंतुमुळेही जळतात. नवी पाने पुरती पसरून घट्ट झाल्यावर पातळ खताने सुरुवात करणे योग्य.

चिनी एल्म या सगळ्यात मधला आहे. तो उबेत पाने धरतो आणि गारठ्यात टाकतो. गेल्या हिवाळ्यात थकलेल्या एल्मला पुढचा हिवाळा पाच ते दहा अंशांच्या थंड, उजेडाच्या खोलीत काढू दिला तर तो बहुधा सुधारतो. ज्युनिपर, पाइन आणि मेपल मात्र घरातून कायमचे बाहेर काढावे लागतात, तेही आधी सावलीत आणि कडाक्याचे गोठण संपल्यावर, कारण उबेत फुटलेल्या कोवळ्या पालवीला दंव लागले तर ती एका रात्रीत काळी पडते.

फायकस आणि त्याच्या जातभाईंसाठी बाहेर पडण्याची वेळ रात्रीचे तापमान सातत्याने बारा अंशांच्या वर राहू लागले की येते. जर्मनीत ती साधारण मेच्या उत्तरार्धात असते. काचेआड वाढलेले पान कडक ऊन सोसत नाही, त्यामुळे पहिला आठवडा गर्द सावलीत, दुसरा सकाळच्या उन्हात आणि मग मोकळ्यावर, असे टप्पे घ्यावे लागतात. जुनी पाने तरीही काही गळतात. बाहेर फुटलेली पाने त्यांच्यापेक्षा लहान, जाड आणि गडद असतात, पेरे आखूड पडते, आणि सप्टेंबरात रात्री पुन्हा बारा अंशांखाली उतरेपर्यंत झाडाने पुढच्या हिवाळ्यापुरते अन्न साठवलेले असते.